फॅन बेल्ट कधी बदलायचा?

सकाळी गाडी सुरू केल्यावर बॉनेटखालून किंचाळल्यासारखा आवाज आला की बहुतेक जण म्हणतात, फॅन बेल्ट (बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर वगैरे फिरवणारा रबरी पट्टा) गेला. दरवेळी ते खरं नसतं. इंजिन सुरू असताना, हात आणि बाही लांब ठेवून, बेल्टच्या खाचांच्या बाजूवर बाटलीने थोडं पाणी उडवा. आवाज क्षणभर थांबून परत आला, तर बहुधा पुली (बेल्ट ज्यावरून फिरतो ती चाकं) सरळ रेषेत नाही. उलट वाढला, तर बेल्ट सैल आहे किंवा टेन्शनर, म्हणजे बेल्ट ताणून धरणारा भाग, दमलाय. नुसता नवा बेल्ट घालून मग उपयोग नाही.

डोळ्यांनी तपासायचं तर इंजिन बंद आणि गार हवं. जुन्या निओप्रीन रबराच्या बेल्टला आडव्या भेगा पडायच्या, म्हणून आपल्याला भेगाच शोधायची सवय. हल्लीचे ईपीडीएम रबराचे बेल्ट सहसा तडकत नाहीत, टायरसारखे झिजतात. टॉर्च मारून खाचा बघा: इंग्रजी व्ही आकाराच्या खाचा पसरून यू झाल्या असतील, तर दिसायला धडधाकट असला तरी बदला. कडेचे धागे सुटले, पृष्ठभाग आरशासारखा चकाकतोय, तेल किंवा कूलंट लागून रबर फुगलंय, तरीही तेच. गळती मात्र आधी थांबवा.

किती किलोमीटरला बदलायचा ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. चालत्या गाडीत तुटला तर बॅटरीचा दिवा लागतो, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर इंजिन तापतं. लगेच गाडी बाजूला घ्या. टायमिंग बेल्ट (इंजिनच्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा) हे वेगळं प्रकरण, तो झाकणाआड असतो.