छोटा गट भरतो, पण जमत नाही? या चुका टाळा

चर्चमधल्या, म्हणजे मंडळीतल्या, काही जणांचा छोटा गट दर आठवड्याला कुणाच्या तरी घरी भरतो. गाणी होतात, वचन होतं, प्रार्थना होते आणि लोक घरी जातात. मग एक दिवस सहज कळतं की नेहमी खिडकीजवळ बसणाऱ्या बंधूची नोकरी सुटून तीन महिने झालेत. गटात कुणालाच पत्ता नव्हता! हजेरी मात्र त्याची एकदाही चुकलेली नसते.

असा गट बंद पडलेला नसतो, म्हणून त्यात काही बिघडलंय हे लवकर लक्षात येत नाही. रविवारच्या उपासनेत शंभर-दोनशे माणसं एका दिशेला तोंड करून बसतात. तिथं वचन ऐकता येतं, प्रभुभोजन घेता येतं, एकत्र स्तुती करता येते. पण एकमेकांची ओझी वाहण्याची आज्ञा (गलती ६:२) किंवा एकमेकांजवळ पाप कबूल करून एकमेकांसाठी प्रार्थना करण्याची आज्ञा (याकोब ५:१६) पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघत कशी पाळणार? त्यासाठी समोरासमोर बसलेली मोजकी माणसं लागतात. छोटा गट असतो तो यासाठी, आणि खालच्या बहुतेक चुका याचाच विसर पडल्यामुळे होतात.

घरात दुसरी उपासना भरवणं

सगळ्यांत जास्त आढळणारी चूक हीच. पुढारी उभा राहतो, पाऊण तास संदेश देतो, बाकीचे माना डोलावतात. संदेश चांगलाही असतो, पण तो रविवारी ऐकलेलाच असतो, आणि त्यासाठी लोकांना संध्याकाळी पुन्हा बोलावण्याची गरज नव्हती.

पुढाऱ्याचं गटातलं खरं काम प्रश्न विचारण्याचं, आणि ते संदेश देण्यापेक्षा अवघड आहे. मार्क ४ मधला वादळाचा प्रसंग घ्या. ‘येशूनं वादळ शांत केलं की नाही?’ या प्रश्नाला ‘हो’ एवढंच उत्तर येतं आणि चर्चा तिथंच संपते. ‘यातून आपण काय शिकतो?’ असं विचारलंत तर ‘विश्वास ठेवावा’ हे ठरलेलं उत्तर मिळतं, ज्यात कुणाचंच काही नसतं. त्याऐवजी अडतिसाव्या वचनावर बोट ठेवा. शिष्य नावेत झोपलेल्या येशूला जागं करून म्हणतात, आम्ही बुडतोय याची तुम्हाला पर्वा नाही का? आता विचारा, ‘त्यांची तक्रार वादळाबद्दल होती, की तो झोपलाय याबद्दल?’ आणि मग, ‘देव झोपलाय असं तुम्हाला कधी वाटलं?’ यावर कुणीतरी बोलतंच. मात्र लगेच नाही. प्रश्न विचारला की शांतता पसरते आणि पुढाऱ्याला धीर धरवत नाही. तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो. असं दोनदा झालं की लोकांना कळतं, आपण गप्प राहिलो तरी चालतं. त्या शांततेत मनात दहापर्यंत आकडे मोजा. शिकायला तसा सोपा, तरी सर्वाधिक उपयोगी पडणारा हा गुण आहे.

एकच माणूस सतत बोलत असेल तर त्याला चारचौघांत टोकू नका. ‘आज ज्यांनी अजून बोललं नाही त्यांच्याकडून ऐकू या’ एवढं पुरे. फरक पडला नाही, तर बाजूला घेऊन स्पष्ट सांगा. आणि तो माणूस तुम्हीच असाल तर? ते सांगायला कुणीच धजणार नाही, म्हणून अधूनमधून स्वतःच विचारून बघा.

दुःख ऐकताच उपाय सांगणं

बायबलमधल्या, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. त्यांनी केलेली सर्वांत चांगली गोष्ट तीच. तोंड उघडलं आणि बिघडलं.

गटातही हेच घडतं. एखादी भगिनी सांगते की मुलगा घरी नीट बोलत नाही. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत तीन वचनं, दोन सल्ले आणि ‘आमच्याकडेही अस्संच होतं’ अशी एक साक्ष येऊन पडते. ती मान हलवते, हसते आणि पुढच्या आठवड्यापासून ‘सगळं ठीक आहे’ म्हणू लागते. नियम साधा ठेवा. सल्ला मागितल्याशिवाय द्यायचा नाही. आधी प्रार्थना, आणि तीही तिथंच, तिच्यासाठी, तिचं नाव घेऊन. ‘आम्ही प्रार्थनेत आठवण करू’ म्हणून विषय पुढं ढकलला की तो बहुतेक विसरला जातो.

प्रार्थनेच्या विषयातून चुगली

ही चूक गट आतून पोखरते. ‘अमक्यांसाठी प्रार्थना करा, त्यांच्या घरी काय चाललंय तुम्हाला माहीतच आहे,’ असं म्हणत बातमी पसरवली जाते आणि शेवटी ‘आमेन’ही म्हटलं जातं. हल्ली यात व्हॉट्सॲपची भर. बैठकीत रडत सांगितलेली गोष्ट रात्री प्रार्थनेचा विषय म्हणून मंडळीच्या मोठ्या ग्रुपवर गेलेली असते. टाकणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ज्याची गोष्ट होती तो पुन्हा कधीच काही सांगत नाही, आणि बघणारे बाकीचेही शहाणे होतात.

पहिल्याच बैठकीत ठरवा की इथं आलेली गोष्ट इथंच राहील. दुसऱ्या कुणाला, अगदी पाळकांनाही सांगायची असेल तर त्या माणसाला आधी विचारायचं. गैरहजर माणसाबद्दल तक्रार निघाली तर मत्तय १८:१५ ची आठवण द्या. आधी त्याच्याकडे जा, एकट्यानं.

मात्र गुप्ततेचं बिनशर्त वचन कधीही देऊ नका. लहान मुलावर अत्याचार होत असेल, कुणाला घरात मारहाण होत असेल, कुणी जीव द्यायची भाषा करत असेल, तर तिथं नुसती प्रार्थना करून गप्प बसणं हा अपराध आहे. त्या माणसाला सुरक्षित ठेवणं आणि योग्य यंत्रणेची, डॉक्टरांची मदत घेणं आधी. ही मर्यादाही पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, म्हणजे नंतर विश्वासघात झाल्यासारखं वाटत नाही.

काळजीची जागा चौकशीनं घेणं

मेथोडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या इतिहासातला एक प्रसंग इथं उपयोगी पडतो. १७४२ साली ब्रिस्टलमध्ये या पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याच्या मंडळींवर सभागृहाच्या बांधकामाचं कर्ज होतं. ते फेडायला प्रत्येक सभासदानं आठवड्याला एक पेनी द्यावी असं ठरलं, आणि सुमारे बारा जणांमागे एक पुढारी नेमला. पुढारी पैसे गोळा करायला घरोघर जाऊ लागले आणि त्यांना लोकांची खरी स्थिती दिसू लागली: कुठं भांडण, कुठं दारू, कुठं आजारपण. वेस्लीनं ओळखलं की पैशांपेक्षा ही भेट मोलाची आहे. घरोघर फिरणं वेळखाऊ, म्हणून बारा जण एकत्र जमू लागले. यालाच पुढं ‘क्लास मीटिंग’ म्हणू लागले.

पण त्याच व्यवस्थेत दर तिमाहीला सभासदाला सभासदत्वाचं तिकीट मिळे, आणि ज्याचं वागणं बरं नाही त्याचं तिकीट थांबे. शिस्त आणि पाळत यांत फार अंतर नसतं. ‘गेल्या आठवड्यात बायबल किती वाचलंत?’ असं हजेरीसारखं विचारलं की लोक खोटं बोलायला शिकतात. न आलेल्याला ‘का आला नाहीत?’ विचारण्याऐवजी ‘बरे आहात ना?’ विचारा. कबुलीसारखं नाजूक बोलणं पूर्ण गटात ओढून आणू नका. त्यासाठी दोघा-तिघांचा आणखी लहान गट हवा, पुरुषांचा वेगळा, स्त्रियांचा वेगळा. पुरुषांचे आणि स्त्रियांचे असे वेगळे, छोटे गट ही वेस्लीच्या ‘बँड’ची रीत होती.

गट फुगू देणं, किंवा कात्रीनं कापणं

बायबलमध्ये मोशेचा सासरा इथ्रो यानं त्याला सांगितलेल्या रचनेत सर्वांत खालचा नायक दहा जणांवर होता (निर्गम १८:२१). पंधरा-सोळाच्या पुढं गेलं की बोलणारे पाच-सहाच उरतात, बाकीचे श्रोते होतात. म्हणून विभागणी लागतेच. पण यादी घेऊन मधोमध रेघ मारली तर लोक दुखावतात. आधी सहपुढारी तयार करा. त्याला आज प्रार्थना, उद्या चर्चा असं थोडं थोडं सोपवा, मग तो दोन-तीन जवळच्यांना घेऊन नवा गट सुरू करेल. सहपुढारी तयार नसेल तर विभागणीची घाई नको.

मंडळीपासून तुटणं

गट न जमण्याच्या उलट टोकाची ही चूक. गट इतका जमतो की रविवारची उपासना फिकी वाटू लागते. ‘खरं आत्मिक जीवन आमच्याकडेच’ असा सूर लागला की समजा, धोका आहे. जर्मन पाळक फिलिप याकोब स्पेनरनं १६७० मध्ये फ्रँकफर्टमध्ये घरी असे मेळावे सुरू केले, तेव्हा हेतू चर्चला नवचैतन्य देण्याचा होता. तरी त्यातले काही जण पुढं चर्चमधून बाहेर पडले. पुढारी आणि पाळक महिन्यातून एकदा तरी बसून बोलले पाहिजेत. पाळकांनीही गटाकडे संशयानं बघण्यापेक्षा अधूनमधून येऊन साधे सभासद म्हणून बसावं. जमेल त्यांना. काही पाळकांना कोपऱ्यात गप्प बसणं जड जातं, हेही खरं.

किरकोळ वाटणाऱ्या तीन गोष्टी: खाण्याची चढाओढ लागली की साध्या घरातले लोक बैठक आपल्याकडे घेईनासे होतात, तेव्हा चहापुरतं ठरवून टाका. वेळेवर सुरू करा आणि वेळेवर संपवा; ज्यांना थांबायचंय ते थांबतील. गटात उसनवारी आणि विक्रीच्या योजना आणू नका, पैसा बुडाला की नातंही बुडतं. गरजवंताला मदत करायची तर परतफेडीची अपेक्षा न ठेवता, सगळ्यांनी मिळून करा.

एवढं करूनही काही गट चालत नाहीत. पुढारी थकतो, दोघं-तिघंच येतात, कुणाचं मन लागत नाही. असा गट रेटत राहण्यात विश्वासूपणा नाही. पाळकांशी बोलून तारीख ठरवा, शेवटची बैठक उपकारस्तुतीची घ्या, आणि तिथून उठण्याआधी प्रत्येकजण पुढं कुठल्या गटात जाणार हे विचारून घ्या. ज्याचं उत्तर ‘बघू’ असेल, त्याला त्याच आठवड्यात फोन करा.