बेल्ट आहे, चाइल्ड सीटही आहे, पण नीट लावलीय का? या चुका टाळा

गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी मुलीची चाइल्ड सीट धुवायला म्हणून गाडीतून काढली. आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो. खाली पार्किंगमध्येच पाण्याचा नळ आहे. सीट परत बसवताना सोबत आलेल्या पुस्तिकेतलं चित्र पहिल्यांदाच नीट पाहिलं आणि हातपाय गार पडले. गाडीचा बेल्ट ज्या खाचेतून ओवायचा, त्या खाचेतून तो गेलाच नव्हता. दुकानातल्या माणसाने बसवून दिली होती, एकदा हलवून दाखवली होती, आणि त्या भरवशावर आम्ही आठ महिने तिला घेऊन पनवेलपासून पालघरपर्यंत फिरलो होतो.

तेव्हापासून बिल्डिंगमध्ये कुणी नवी चाइल्ड सीट आणली की मी खाली जाऊन बघून येते. पैसे खर्च केलेले असतात, काळजीही असते, फक्त बसवणं चुकलेलं असतं. म्हणून हे सगळं एकदा लिहून काढलं.

‘इथे तर जायचंय, बाळ मांडीवर घेते’

कासारवडवलीहून मानपाड्याला जायचं, ऐरोलीहून वाशीला जायचं, म्हणून सीट लावायचा कंटाळा केला जातो. पण रिकाम्या रस्त्यावर गाडी ताशी ५० किलोमीटरला पोचायला काही सेकंद लागतात. त्या वेगात धडक बसणं म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणं. अंतर कमी आहे म्हणून ही उंची कमी होत नाही.

माझ्या सासूबाईंचं म्हणणं असायचं, “अगं, माझ्या हातातून कशी सुटेल ती?” त्यांच्या मायेबद्दल मला तीळभर शंका नाही. पण अशा धडकेत दहा किलोचं मूल क्षणभर वीस-तीस पट जड होतं, म्हणजे दोनशे ते तीनशे किलो. सिमेंटच्या चार ते सहा गोण्या अचानक हातातून हिसकल्या जाव्यात, तसं. जगातली कुठलीच आजी, कुठलाच पैलवान ते धरून ठेवू शकत नाही. शिवाय मांडीवर बाळ घेणाऱ्याने स्वतः बेल्ट लावला नसेल, तर मोठ्या माणसाचं सगळं वजन त्या बाळावर येतं. एकच बेल्ट दोघांभोवती लावला तरी तेच होतं. मी आईंना हे समजावलं आणि मग नातीचं बक्कल लावायचं काम त्यांच्याकडेच दिलं. आता ‘टक्’ आवाज आल्याशिवाय त्या गाडी सुरू करू देत नाहीत.

मागच्या सीटला सूट नसते

४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर, उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागे बसलेले, अशा दोघांनी बेल्ट लावले नव्हते आणि ते दोघेही गेले. पुढचे दोघे वाचले. ठाण्यातून गुजरातकडे जाणारे आपण सगळे घोडबंदरमार्गे त्याच महामार्गाला लागतो. त्यानंतर १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबई वाहतूक पोलिसांनी गाडीतल्या सगळ्यांना बेल्टची सक्ती केली, पण कायद्यात मागच्यांसाठी बेल्ट आधीपासूनच होता. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेल्ट न लावल्यास १००० रुपये दंड आहे. १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर तोही १००० रुपयांचा दंड, आणि तो गाडी चालवणाऱ्यावर बसतो.

मागचा बेल्ट न लावण्याचं खरं कारण बऱ्याचदा साधं असतं: बक्कल सापडत नाही. गाडी घेतली की आपण सीट कव्हर चढवतो आणि मागची बक्कलं त्याखाली गाडली जातात. आजच खाली जाऊन ती वर काढा. कव्हरला फट नसेल तर कव्हरवाल्याकडून करून घ्या. टॅक्सीत बसल्यावरही निघण्यापूर्वीच सांगा, “दादा, मागचं बक्कल जरा वर काढून द्या.” बहुतेक जण लगेच काढून देतात.

मूल पुढच्या सीटवर

डिसेंबर २०२४ मध्ये वाशीत पुढच्या सीटवर बसलेला सहा वर्षांचा मुलगा अपघातात एअरबॅग उघडल्यावर दगावला. ती बातमी वाचून आमच्या ग्रुपवर बऱ्याच जणांनी विचारलं की एअरबॅग वाईट असते का. तसं नाही. ती मोठ्या, बेल्ट लावलेल्या माणसासाठी बनवलेली असते आणि पापणी लवायच्या आत जोरात फुगते. मुलाचं डोकं नेमकं तिच्या वाटेत येतं. बारा-तेरा वर्षांपर्यंत जागा मागेच. आणि मागे तोंड करून बसवायची सीट चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवू नका. फुगणारी पिशवी थेट त्या सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे आदळते.

चाइल्ड सीट बसवताना होणाऱ्या चुका

पहिली चूक माझीच, बेल्टचा मार्ग. सीटवर तो रंगाने दाखवलेला असतो. ज्या सीटा दोन्ही बाजूंनी बसतात त्यांत बहुधा मागे तोंड करताना निळा आणि पुढे तोंड करताना लाल मार्ग असतो. बसवताना गुडघ्याने सीट खाली दाबा, बेल्ट ओढून ढील काढा. मग सीट वरच्या टोकाला धरून हलवू नका. बेल्ट जिथून जातो तिथे धरून हलवा. दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकली तर पुन्हा बसवा. आमच्या दुकानातल्या माणसाने नेमकी वरून हलवून दाखवली होती, आणि मला त्यातलं काही कळलं नव्हतं.

आयसोफिक्सची, म्हणजे बेल्टऐवजी गाडीच्या सीटमधल्या लोखंडी कड्यांना थेट अडकणारी सीट असेल तर काम सोपं होतं, पण अर्धवट राहायचा धोका तिथेही आहे. दोन्ही बाजूंचे दर्शक हिरवे झालेत का ते बघा. त्यानंतर वरचा पट्टा किंवा खालचा आधाराचा पाय, यांपैकी जे असेल ते लावायचंच असतं. वरचा पट्टा सीटमागे नुसता लोंबकळताना मी कितीदा पाहिलाय. त्याचा हूक गाडीच्या सीटच्या पाठीला किंवा डिकीत असतो. सामान बांधायच्या हुकात तो अडकवू नका, कुठला कोणता ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

दुसरी मोठी चूक म्हणजे बाळाला लवकर पुढे वळवणं. ‘पाय दुमडतायत, बाहेरचं दिसत नाही’ म्हणून वर्षाच्या आतच वळवलं जातं. तान्ह्याचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी. मागे तोंड असलं की धडकेचा जोर सगळ्या पाठीवर पसरतो. पुढे तोंड असलं की डोकं झोकांडतं आणि भार मानेवर येतो. युरोपातल्या चाइल्ड सीटसाठीच्या आर १२९ या नियमाप्रमाणे निदान १५ महिन्यांपर्यंत तोंड मागेच. माझं मत विचाराल तर सीटच्या वजनाची आणि उंचीची मर्यादा संपेपर्यंत वळवूच नका. पाय दुमडल्याने मुलाला त्रास होत नाही, मांडी घालून बसायची त्यांना सवयच असते.

तिसरी चूक, सैल पट्टे. मुलाला आवळल्यासारखं होईल म्हणून आपण हात आखडता घेतो. खांद्यावरचा पट्टा दोन बोटांच्या चिमटीत धरून बघा. घडी पडत असेल तर तो सैल आहे. पीळ पडलेला पट्टाही सरळ करून घ्या. मागे तोंड असेल तर पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून, पुढे तोंड असेल तर खांद्याच्या पातळीला किंवा किंचित वरून यायला हवेत. मूल वाढतं, पट्टे मात्र जुन्याच खाचेत राहतात, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी बघा. पावसाळ्यात रेनकोट काढून मगच बसवा. एसीसाठी शाल हवी असेल तर पट्टे आवळल्यावर वरून घाला. उन्हात लावलेल्या गाडीत बक्कलाला आधी स्वतः हात लावून बघा, ते चटका बसेल इतकं तापतं.

नातेवाइकांकडून आलेली सीट वापरायला हरकत नाही, पण ती अपघातात सापडलेली नाही याची खात्री हवी. प्लॅस्टिकच्या खालच्या बाजूला वापराची मुदत किंवा बनवल्याची तारीख कोरलेली असते, तीही पाहा.

पट्ट्यांच्या सीटमधून मूल मोठं झालं की मध्ये बूस्टर, म्हणजे गाडीचा बेल्ट नीट बसावा म्हणून मुलाला उंच बसवणारी बैठक, लागतो. तो बहुतेक घरांत गाळलाच जातो. बूस्टर सोडायचा कधी, हे वयावरून ठरवू नका. पाठ टेकून बसल्यावर गुडघे सीटच्या कडेला दुमडले, कमरेचा बेल्ट मांड्यांच्या वरच्या टोकाला बसला आणि खांद्याचा बेल्ट गळ्याला न लागता गळपट्टीच्या हाडावरून गेला, तर बूस्टर काढा. उंची साधारण १३५ ते १५० सेंटिमीटर झाली की हे जमतं.

मोठ्यांसाठी

खांद्याचा बेल्ट काखेतून घेऊ नका. फासळ्या तुटून आतल्या अवयवांना इजा होते. कमरेचा भाग पोटावर नको, कंबरेच्या हाडांवर हवा. साडीत निऱ्यांचा गठ्ठा असतो, म्हणून बेल्ट त्याच्या खालून घेऊन ढील काढा. गरोदर बाईनेही बेल्ट लावायचाच: खालचा भाग पोटाखालून, वरचा दोन्ही स्तनांमधून आणि पोटाच्या बाजूने. सीट फार मागे पाडून झोपलं की माणूस बेल्टखालून सरकतो. सनरूफमधून डोकं काढलेल्या मुलाला तर कुठलाच बेल्ट नसतो. पाम बीच रोडला संध्याकाळी हे दृश्य दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो.

अलार्म बंद करायची खोटी क्लिप घरात असेल तर टाकून द्या. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीच्या पाच मोठ्या कंपन्यांना या क्लिपा काढायला लावल्या, तेव्हा तेरा हजारांहून जास्त जाहिराती उतरवाव्या लागल्या.

बेल्ट अडला तर

ओढताना मध्येच अडतो: तो झटक्याला आणि गाडीच्या कलाला अडण्यासाठीच बनवलेला असतो. उतारावर उभ्या गाडीत असं हमखास होतं. पूर्ण सोडून द्या आणि सावकाश ओढा.

काही गाड्यांत बेल्ट शेवटपर्यंत ओढला की तो फक्त आत जातो, बाहेर येत नाही. ही चाइल्ड सीटसाठीची सोय असते. पूर्ण आत जाऊ दिला की सुटतो.

आत जात नाही, सैल लोंबतो: बहुधा घाम आणि धूळ. कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण घालून फडक्याने पुसा, सावलीत पूर्ण वाळवा, मगच आत सोडा. ब्लीच नको, तेल नको.

बक्कल लागत नाही: आत बिस्किटाचा चुरा, नाणं किंवा चिंचेची गोळी गेलेली असते. व्हॅक्यूमने काढून बघा. तरीही नाही लागलं, पट्टा उसवलेला दिसला, किंवा एअरबॅगचा दिवा विझत नसेल तर सर्व्हिस सेंटर गाठा. मोठ्या अपघातानंतर बेल्ट दिसायला चांगला असला तरी बदलायचा. ओढून आवळणारी यंत्रणा एकदाच चालते.

आणि मूल स्वतःच हात बाहेर काढत असेल, तर आधी पट्टे सैल नाहीत ना ते बघा. आमच्याकडे निम्मं कारण तेच निघालं. उरलेल्या वेळी आम्ही गाडी बाजूला घेतो आणि थांबतो. पहिल्या आठवड्यात कासारवडवली ते माजिवडा चार वेळा थांबलो होतो. ती रडली, मी मागे वळून सांगितलं, “पट्टा लागला की गाडी चालते, बाळा.” तिसऱ्या आठवड्यात तिनेच तिच्या बाहुलीला बेल्ट लावला.