ग्रॅममधली कृती वाटीने करायची असेल तर

बेसनाचे लाडू करायचे आहेत, कृती ग्रॅममध्ये आहे आणि घरात वजनकाटा नाही, तर कढई गॅसवर चढवण्याआधी आपली वाटी किती मिलीची आहे ते मोजा. मागच्या दिवाळीत मी हेच केलं नाही. कृतीत ५०० ग्रॅम बेसन आणि २५० ग्रॅम तूप होतं. एका कपात साधारण १०० ग्रॅम बेसन मावतं, म्हणजे पाच कप, असा हिशोब करून रोजची आमटीची वाटी उचलली आणि पाच वाट्या घातल्या. हिशोबातला कप २४० मिलीचा, माझी वाटी १५० मिलीची. कढईत जेमतेम ३१० ग्रॅम बेसन पडलं. तूप मात्र अर्ध्या किलोच्या बरणीतलं बरोबर निम्मं. सगळं एकाच वाटीने मोजलं असतं तर लाडू कमी झाले असते, पण प्रमाण टिकलं असतं. एक जिन्नस वजनाने आणि दुसरा वाटीने, तिथेच घात झाला. वळलेले लाडू तासाभरात बसले आणि ताटात तूप सुटलं.

तर वाटी. एक लिटरची सीलबंद पाण्याची बाटली घ्या आणि वाटी काठोकाठ भरत ती रिकामी करा. साडेसहा वाट्या होऊन थोडं पाणी उरलं, तर वाटी १५० मिलीची. पाच वाट्यांत संपलं, तर २०० मिलीची. वाटीच्या बुडाला चिकटपट्टी लावून आकडा लिहा. लक्षात राहील असं म्हणू नका, घरात एकसारख्या दिसणाऱ्या चार वाट्या असतात. १५०च्या वाटीने पाच कप बेसन म्हणजे आठ वाट्या. पाच नाहीत, आठ.

बेसन आधी चाळायचं, मग मोजायचं. पुडीत ते दबलेलं असतं. डब्यात वाटी खुपसून भरली तर त्याच कपात १२० ग्रॅमही बसतं. चमच्याने हलकं सोडा, सुरीच्या पाठीने सपाट करा, वाटी ओट्यावर आपटू नका. शीग लावायची नाही. अर्धी वाटी हवी असेल तर अर्ध्या उंचीवर थांबू नका: वाटी खाली निमुळती असते, तिथे अर्ध्याहून कमीच भरतं. छोटी वाटी वेगळी मोजून ठेवा.

एकाच २४० मिलीच्या कपात साखर २०० ग्रॅम, बारीक रवा १७०च्या आसपास, मैदा १२० ते १२५, पिठीसाखर साधारण १२० ग्रॅम भरते. म्हणून रव्याचा आकडा बेसनाला लावायचा नाही. आजीच्या काळी पायली-मापट्याने धान्य मोजायचे तेव्हाही पायलीभर ज्वारी आणि पायलीभर पोहे एका वजनाचे नसत. लाडवाचं जाडसर बेसन बारीक बेसनापेक्षा वेगळं भरतं, त्यामुळे पहिल्या खेपेला दोन चमचे बेसन हाताशी ठेवा.

साखर दळण्याआधी मोजायची की नंतर, ते कृतीत नीट वाचा. एक कप साखर दळली की पिठीसाखर दीड कपाहून जास्त होते. कृतीत पिठीसाखर लिहिली असेल तर दळून, चाळून, मग मोजा.

तुपाच्या बरणीवर ग्रॅम आहेत की मिली, बघा. २५० ग्रॅम तूप पातळ केल्यावर पावणेदोनशे-दोनशे मिली नसतं, २७५ मिलीच्या जवळ जातं.

वेलदोड्याची पूड, बेदाणे अंदाजाने. बेसन मंद आचेवर, पिठीसाखर भाजलेलं बेसन कोमट झाल्यावरच. आणि वाटीच्या बुडाचा आकडा कृतीच्या कागदावरही लिहून ठेवा. भांडी घासताना चिकटपट्टी निघते.