तीन मॉनिटरच्या संगणकासाठी ग्राफिक्स कार्ड निवडताना

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात साच्यांची ड्रॉइंग करणारा एका पडद्यावर ड्रॉइंग आणि दुसऱ्यावर ग्राहकाने पाठवलेली मापे उघडून बसतो, राजारामपुरीत शेअर बाजाराचे काम पाहणाऱ्याला चार आलेख एकाच वेळी डोळ्यांसमोर हवे असतात, आणि लग्नाचे अल्बम करणाऱ्या स्टुडिओला हजारो फोटोंतून निवड करण्यासाठी मोठा पडदा लागतो. या तिघांना लागणारी ग्राफिक्स कार्डे, म्हणजे संगणकातून पडद्याला चित्र पुरवणारी कार्डे, निराळी आहेत. तरीही दुकानात गेल्यावर तिघेही बहुधा एकच प्रश्न विचारतात, ‘किती जीबीचे कार्ड घेऊ?’ कार्डाच्या मेमरीचा हा प्रश्न खरे तर सर्वांत शेवटी विचारायचा आहे.

सुरुवात आपल्याकडील मॉनिटरपासून करावी. प्रत्येक मॉनिटरच्या मागे केबल जोडायचे कोणते पोर्ट आहेत (व्हीजीए, डीव्हीआय, एचडीएमआय की डिस्प्लेपोर्ट) आणि त्याचे रिझोल्यूशन (पडद्यावरील ठिपक्यांची, म्हणजे पिक्सेलची संख्या) किती आहे, हे कागदावर लिहून तो कागद बरोबर न्यावा. जुना मॉनिटर फक्त व्हीजीएचा असेल तर विशेष लक्ष द्यावे लागते, कारण कार्डे बनवणाऱ्या एनव्हिडियाने २०१६ च्या जीटीएक्स १० मालिकेपासून कार्डातून व्हीजीएला लागणारा ॲनालॉग सिग्नल देणेच बंद केले. अशा मॉनिटरसाठी कन्व्हर्टर लागतो, आणि त्यातून येणारी अक्षरे किंचित पुसट दिसतात. दिवसभर आकडे वाचणाऱ्याने असा मॉनिटर बाजूला ठेवलेलाच बरा.

त्यानंतर कार्ड एकाच वेळी किती पडदे चालवते, हे पाहावे. कार्डावर दिसणाऱ्या पोर्टची संख्या आणि ही संख्या एकच असेल असे नाही, म्हणून ती कंपनीच्या माहितीपत्रकातच तपासावी. जीटी १०३० हे स्वस्त आणि सहज मिळणारे कार्ड दोनच पडदे चालवते. एएमडीचे आरएक्स ६४०० त्याहून पुष्कळ वेगवान असले तरी त्यालाही पोर्ट दोनच आहेत. उलट एनव्हिडियाचे टी४०० हे खेळांच्या दृष्टीने अगदी सामान्य कार्ड तीन मिनी डिस्प्लेपोर्ट देते आणि टी१००० चार देते. महाग कार्ड अधिक पडदे चालवते हा समज यामुळेच टिकत नाही. आलेख, हिशेब आणि ब्राउझर एवढेच काम असेल तर टी४०० सारखे कार्ड पुरेसे ठरते.

कित्येकदा नवे कार्ड घेण्याचीही गरज नसते. इंटेलच्या गेल्या काही वर्षांतील बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स तीन किंवा चार पडदे चालवू शकते. अडचण असते ती मदरबोर्डवर तेवढे पोर्ट नसण्याची. मात्र प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते आणि मदरबोर्डवरचे पोर्ट निरुपयोगी ठरतात. कार्ड बसवल्यावरही मदरबोर्डचे पोर्ट चालू ठेवता येतात, पण काही मदरबोर्डांत त्यासाठी बायोसमधील (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ व्यवस्थेतील) सेटिंग बदलावे लागते.

केबलच्या बाबतीत माझी स्वतःची फजिती झाली आहे. एका दुकानदाराच्या सल्ल्याने मी एचडीएमआय स्प्लिटर आणला आणि दोन्ही मॉनिटरवर तंतोतंत एकच चित्र दिसू लागले. स्प्लिटरचे काम तेवढेच असते. वर्गात किंवा सभागृहात तो उपयोगी पडतो, डेस्कटॉप वाढवण्यासाठी नव्हे. कन्व्हर्टर केबलला दिशा असते, हेही ध्यानात ठेवावे. कार्डाच्या डिस्प्लेपोर्टमधून मॉनिटरच्या एचडीएमआयमध्ये जाणारी साधी केबल बहुतेक ठिकाणी चालते, पण तीच केबल उलटी लावून एचडीएमआय कार्डाला डिस्प्लेपोर्टचा मॉनिटर जोडता येत नाही. त्यासाठी सिग्नल बदलणारा निराळा, महाग कन्व्हर्टर लागतो.

कार्डाच्या ताकदीचा विचार करताना मॉनिटर मोजण्याऐवजी पिक्सेल मोजावेत. फुल एचडी पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, म्हणजे तीन पडद्यांचे मिळून सुमारे ६२ लाख. एकट्या ४के पडद्याचे सुमारे ८३ लाख होतात. त्यामुळे स्टुडिओचा एक मोठा मॉनिटर शेअरवाल्याच्या तीन लहान मॉनिटरपेक्षा जड आहे. एचडीएमआय १.४ चे जुने पोर्ट ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच दाखवते आणि माउसचा बाण अडखळल्यासारखा वाटतो. ६० साठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ हवे. एक पडदा १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र दाखवणारा) आणि दुसरा ६० चा ठेवला तर काही कार्डे काही काम चालू नसतानाही गरम राहतात. त्रिमितीय डिझाइन करणाऱ्याने आपल्या सॉफ्टवेअरची प्रमाणित कार्डांची यादी पाहावी, आणि व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याने मेमरीचा विचार करावा. जीबीचा प्रश्न येतो तो इथे.

कार्यालयांतून निघालेले सडपातळ कॅबिनेटचे संगणक आपल्याकडे बरेच वापरले जातात. त्यांत पूर्ण उंचीचे कार्ड बसतच नाही, म्हणून लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचे कार्ड आणि ते कॅबिनेटला बसवायची आखूड पट्टी खोक्यात आहे ना, हे दुकानातच उघडून पाहावे. कार्ड ज्यात बसते त्या मदरबोर्डवरील पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅटपर्यंतच वीज मिळते. त्याहून अधिक लागणाऱ्या कार्डासाठी एसएमपीएसमधून (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातून) वेगळी वायर हवी, जी अशा संगणकांत बहुधा नसते. टी४०० ला ३० आणि टी१००० ला ५० वॅट पुरतात, हे अशा वेळी सोयीचे पडते.

उद्यमनगर किंवा शिरोलीसारख्या ठिकाणी, जिथे फाउंड्रीची धूळ टेबलावर बोटाने रेघ ओढण्याइतकी साचते, तिथे कमी विजेचे आणि शक्य असल्यास बिनपंख्याचे कार्ड घ्यावे. पंख्याचे कार्ड घेतलेच, तर दर दोन महिन्यांनी संगणक बंद करून, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवून ब्लोअर मारावा. पाती मोकळी सोडली तर हवेच्या झोताने ती अतिवेगाने फिरतात आणि पंखा खराब होतो.