शेताच्या वाट्याची भाजी: पेटी घरी आल्यावर काय करावं

हंगाम सुरू होण्याआधी शेतकऱ्याला पैसे द्यायचे आणि मग दर आठवड्याला शेतात जे तयार असेल ते पेटीतून घरी आणायचं, हा शेताच्या वाट्याचा सरळ हिशेब. पीक जोमात आलं तर पेटी भरून येते, गारपीट झाली तर निम्मीच. हा धोका वाटेकऱ्यांनीही उचलायचा असतो. जपानमध्ये १९७०च्या दशकात ही पद्धत ‘तेइकेई’ या नावाने रुजली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमधल्या दोन शेतांनी ती १९८६ साली सुरू केली.

वाटा घेण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: हंगाम किती आठवड्यांचा, अर्धा वाटा मिळतो का, आणि तुम्ही बाहेरगावी असताना पेटी दुसऱ्या कुणी नेली तर चालेल का. घरात दोनच माणसं असतील तर अर्ध्यानेच सुरुवात करा. भाजी वाया गेली की उत्साह मावळतो.

खरं काम पेटी घरी आल्यावरचं. तो पहिला अर्धा तास मोकळा ठेवाच, कारण आठवडाभर चांगलं खायला मिळणार की नाही ते तेव्हाच ठरतं.

सगळी भाजी बाहेर काढून पसरा. आधी गाजर, बीट, मुळा यांचा पाला कापा. पाला तसाच राहिला तर तो कंदातलं पाणी ओढत राहतो आणि दोन दिवसांत गाजर लिबलिबीत होतं. बीटचे देठ मात्र अगदी मुळाशी कापू नका, बोटाच्या पेराएवढे ठेवा, म्हणजे शिजवताना रंग वाहून जात नाही. बीटचा पाला टाकू नका. तो पालकासारखाच शिजतो आणि त्याच संध्याकाळी केला तर फार छान लागतो.

मग पालेभाज्या. पिवळी, सडकी पानं निवडून काढा. मोठ्या पातेल्यात भरपूर गार पाणी घेऊन पानं त्यात बुडवा, हाताने हलवा आणि थोडं थांबा. माती तळाशी बसते. आता पाणी ओतू नका. पानं वरच्या वर उचलून चाळणीत काढा, नाहीतर तीच माती पुन्हा पानांवर येते. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे करा. नीट निथळल्यावर पानं कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळून डब्यात घाला आणि फ्रिजमध्ये ठेवा. ओली पानं कोंडली की सडलीच. वाटेत माना टाकलेली पानं वीसेक मिनिटं थंड पाण्यात ठेवून बघा. पेशींत पाणी शिरलं की बहुतेक पुन्हा कडक होतात.

टोमॅटो फ्रिजबाहेरच ठेवा, साधारण १२ अंशांखालच्या थंडीत त्यांची चव उतरते. बटाटे अंधारात, हवेशीर जागी आणि कांद्यांपासून लांब. बटाटा हिरवा पडला असेल तर तेवढा भाग खोल कापून टाका. फारच हिरवा असेल तर सगळाच. सफरचंद किंवा पिकलेली केळी गाजरांजवळ ठेवू नका. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने गाजरं कडवट होतात.

काय आधी खायचं? मका आणि मटार सर्वांत आधी, जमलं तर त्याच दिवशी, कारण तोडल्यापासून त्यांच्यातल्या साखरेचं पिठूळ स्टार्च होत जातं. ताज्या वाट्याचा खरा आनंद इथेच कळतो. मग पालेभाज्या, त्यानंतर शेंगा आणि फ्लॉवर. कोबी, कंद आणि लाल भोपळा सावकाश.

बेत आधी ठरवून भाजी शोधायची सवय इथे उलटी करावी लागते. भाजी बघा, मग बेत ठरवा. अनोळखी काही आलं तर शेतकऱ्यालाच विचारा: कुठला भाग खायचा, कच्चं चालतं का, तो स्वतः कसं करतो. पहिल्यांदा तेल-मीठ घालून नुसतं परता. मसाल्याखाली दडपलं तर त्याची मूळ चव कधी कळायचीच नाही.

जास्तीची भाजी फ्रीझरमध्ये जाऊ द्या, पण आधी उकळत्या पाण्यातून काढून: फरसबी ३ मिनिटं, पालक २ मिनिटं. लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, निथळा, पिशवीतली हवा काढा, वर तारीख लिहा. ही उकळी चुकवली तर भाजीतली विकरं (एन्झाइम, म्हणजे तिच्यात बदल घडवणारे पदार्थ) गोठल्यावरही हळूहळू काम करत राहतात आणि रंग, चव दोन्ही बिघडतात.

रिकामी पेटी झटकून, कोरडी करून परत न्या आणि काय संपलं, काय उरलं ते मोकळेपणाने सांगा. पुढच्या हंगामात कशाचे किती वाफे लावायचे हे ठरवताना शेतकऱ्याला त्याचा उपयोग होतो.