कुत्र्याला जंत की गोचीडताप? तपासणीत या चुका टाळा

कुत्रं खंगतंय, हिरड्या पांढऱ्या पडल्यात आणि रिपोर्ट मात्र निगेटिव्ह. अशा वेळी आधी नमुना कसा आणि कधी घेतला ते विचारा. घोळ बहुतेकदा तिथेच असतो.

अंगणात पडलेली शी उचलू नका

खान्देशात ही चूक सर्रास होते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा सकाळची शी दुपारपर्यंत वाळून खडखडीत होते आणि जंतांची अंडी आकसतात. पावसाळ्यात उलट होतं. दमट उकाड्यात हुकवर्म या रक्त शोषणाऱ्या जंताची अंडी २४ तासांत फुटून अळ्या निघतात. त्या आणि मातीतल्या निरुपद्रवी अळ्या वेगळ्या ओळखणं अवघड जातं.

म्हणून कुत्र्याने शी करताच मातीला न लागलेला वरचा भाग चमच्याने घ्या. ५ ते १० ग्रॅम, म्हणजे सुपारीएवढा पुरतो. घट्ट झाकणाच्या डबीवर तारीख-वेळ लिहा. दोन तासांत दवाखाना गाठता येत नसेल तर डबी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये अजिबात नको, गोठल्यावर अंडी ओळखू येत नाहीत.

काचपट्टीवर नुसता थेंब पाहून भागत नाही, कारण त्यात शीचा अगदी कणभर अंश येतो. संपृक्त मिठाच्या पाण्यात २-३ ग्रॅम शी कालवून गाळा, नळी काठोकाठ भरा, वर कव्हरस्लिप (पातळ काच) ठेवून १० ते १५ मिनिटं थांबा. हलकी अंडी तरंगून काचेला चिकटतात. जास्त वेळ ठेवलं तर मिठाचे खडे जमतात आणि अंडी चेपतात. जिआर्डिया हा आतड्यातला सूक्ष्म परजीवी रोज बाहेर पडत नाही. जुलाब सुरूच असतील तर दिवसाआड तीन नमुने द्या. पिसवांमुळे होणारा टेपवर्म (चपटा जंत) या पद्धतीत सहसा सापडतच नाही. गुदद्वाराभोवती आणि अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे शोधा.

पॉझिटिव्हही फसवतो. शेळ्यांच्या लेंड्या खाणाऱ्या कुत्र्याच्या शीत शेळीचे कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) दिसतात. ते फक्त पोटातून पुढे जातात, आजार करत नाहीत. कुत्रं दोन-तीन दिवस बांधून पुन्हा तपासा.

पिल्लांच्या बाबतीत रिपोर्टची वाट पाहू नका. हुकवर्म आईच्या दुधातून येतो आणि अंडी दिसण्याआधीच रक्त शोषू लागतो. दोन आठवड्यांच्या पिल्लाच्या हिरड्या फिक्या आणि शी डांबरासारखी काळी असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

औषध आधी, रक्त नंतर

गोचीडतापाची, म्हणजे गोचीड चावल्याने होणाऱ्या आजाराची शंका आली की डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू होतं आणि मग रक्त पाठवलं जातं. हा क्रम उलटा हवा. कानाच्या पाळीच्या कडेवरून घेतलेल्या थेंबाची पातळ स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थर) करा, कारण बारीक रक्तवाहिन्यांत बबेसिया हा तांबड्या पेशींतला परजीवी जास्त सापडतो. सोबत जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त घ्या. एर्लिकिया हा गोचीडतापाचा दुसरा जंतू स्मिअरमध्ये क्वचितच दिसतो, त्यामुळे प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) एक लाखाच्या खाली असतील तर निगेटिव्ह स्मिअरवर विसंबू नका. जंतूविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं तपासणारं अँटीबॉडी किट पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकतं, आणि बरं झाल्यावरही कित्येक महिने पॉझिटिव्ह राहतं. नेमका जंतू कळणं गरजेचं आहे, कारण आकाराने मोठ्या जातीच्या बबेसियाला इमिडोकार्ब हे औषध लागतं. तिथे एकट्या डॉक्सिसायक्लिनवर भागत नाही.