पाळी लांबली तर आधी कॅलेंडर काढा

गेल्या वर्षी गणपतीची चवथ होऊन सव्वा महिना झाला असेल, भाचीचा पणजीहून हॉस्टेलवरून फोन, रडवेला आवाज, "मावशी, तारीख उलटून बारा दिवस झाले गो, अजून काहीच नाही." मी म्हटलं आधी सांग मागची पाळी कधी आली. मग कळलं की चवथीच्या दिवशीच तारीख होती म्हणून तिने फार्मसीतून पुढे ढकलायच्या गोळ्या आणलेल्या, पाळी आली ती दहा दिवसांनी, आणि ही पोर मोजत बसलेली जुन्याच तारखेपासून! म्हणजे खरा उशीर दोनच दिवसांचा.

म्हणून पहिलं काम हे, की शेवटच्या पाळीत रक्त दिसलं तो पहिला दिवस धरून मोजा. मोठ्या बाईला दोन पाळ्यांत 21 ते 35 दिवस जाणं नॉर्मल आहे, दर महिन्याला तीच तारीख यायला पाहिजे असं काही नाही. पाळी नवीन सुरू झालेल्या मुलींना पहिली दोन-तीन वर्षं 45 दिवसांपर्यंतही लागतात. आई कालनिर्णयवर पेन्सिलीने बारीक फुली मारायची, मी मोबाईलमध्ये लिहिते, कुठेही लिहा पण लिहा.

संबंध आले असतील तर दुसरं काम प्रेग्नन्सी टेस्ट, लग्न झालेलं असो नसो. तारीख चुकली की घरीच करता येते, सकाळची पहिली लघवी घ्यायची, निगेटिव्ह आली आणि पाळी तरी नाही तर आठवड्याने परत करायची. मुलीला हे विचारताना आवाज चढवू नका, नाहीतर ती खरं सांगणार नाही आणि त्यात वेळ फुकट जाईल.

आता टेस्ट निगेटिव्ह, मग उशीर का? अंडाशयातून बीज बाहेर पडल्यावर साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते, आणि बहुतेक वेळा लांबतं ते बीज बाहेर पडणं. त्यामुळे आज काय खाल्लं ते शोधू नका, मागचे तीन-चार आठवडे आठवा. परीक्षा होती का, ताप येऊन गेला का, वेर्ण्याला कंपनीत नाईट शिफ्ट लागली का, जेवण सोडून वजन झपाट्याने उतरवलं का किंवा वाढलं का, जिममध्ये अति झालं का. शरीराला ताण कळतो आणि ते बीज थांबवून धरतं. अशा वेळी पपई नि तीळ खाऊन पाळी ओढून आणता येते याला पुरावा नाही, भाजी म्हणून खा की खुशाल.

गोळ्यांचं वेगळं सांगते कारण आपल्याकडे सणासुदीला त्या सर्रास घेतल्या जातात. पाळी पुढे ढकलायची नॉरएथिस्टेरॉनची गोळी बंद केली की बहुधा दोन-तीन दिवसांत पाळी येते, आणि पुढचं मोजणं तिथून. ती गर्भ राहू नये म्हणून नसते हे नीट लक्षात ठेवा. पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गाठ होऊन गेली असेल, लिव्हरचा आजार असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊच नका. संबंधानंतर गर्भ राहू नये म्हणून घेतात त्या इमर्जन्सी गोळीनेही पाळी आठवडाभर मागेपुढे होते, गर्भ टाळायच्या तीन महिन्यांच्या इंजेक्शनने तर पूर्ण बंदही होऊ शकते. अंगावर पाजत असाल तर उशीर साहजिक, चाळिशीनंतरही तेच, पण दोन्ही वेळा दिवस राहू शकतात.

पाळ्या सारख्याच पुढे जात असतील, सोबत हनुवटीवर जाड केस, पुरळ, वजन वाढतंय, तर पीसीओएस, म्हणजे हार्मोन बिघडून होणारा अंडाशयाचा त्रास, असू शकतो. थकवा, केस गळणं असेल तर थायरॉईड. बाळ नसताना छातीतून दूध येत असेल तर प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, वाढलेलं असू शकतं. घरबसल्या ठरवू नका, रक्ततपासणी आणि लागली तर सोनोग्राफी करतात, म्हापशाच्या आझिलोत, म्हणजे जिल्हा हॉस्पिटलात, किंवा बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात दाखवता येतं.

तीन महिने पाळीच नाही, किंवा 15 वर्षं झाली तरी मुलीला सुरूच झाली नाही, तर थांबू नका. आणि दिवस गेले असताना किंवा तशी शंका असताना ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखतंय, चक्कर येते, तर त्याच घडीला कॅज्युअल्टीत जा, गर्भ नळीत अडकलेला असू शकतो. जाताना तारखा लिहिलेला कागद आणि घेतलेल्या गोळ्यांचं रिकामं पाकीट बरोबर घ्या, डॉक्टर पहिलं तेच विचारतात.